जाड लाकडाचा तिरपा सांधा : अर्ध्या अंशाचा हिशेब

मे महिन्यात दर्शनी दाराला नवी चौकट बसते. साग जुना, रंधा हात लावावा असा, पॉलिश आरशासारखे. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत उभी आणि आडवी पट्टी तिरक्या रेषेत अशी मिळालेली असते की मध्ये नखही शिरू नये. मग पाऊस सुरू होतो. श्रावण सरता सरता त्याच कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकाशी एक बारीक काळी रेघ उमटते आणि चतुर्थीला घरात पाहुणे जमेपर्यंत ती रेघ राहत नाही, तिची फट झालेली असते. घरमालक मेस्ताला दोष देतो, मेस्त लाकडाला, आणि लाकूडवाला पावसाला. तिघांच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य असते. कोणाचे किती, हे मात्र ती फटच सांगते. फक्त ती वाचता आली पाहिजे.

ज्या सांध्यावरून हा वाद होतो त्याला सुतारकामात ‘मायटर’ म्हणतात. इंग्रजीत बिशपच्या टोकदार शिरस्त्राणालाही हाच शब्द आहे. दोन पट्ट्यांची टोके प्रत्येकी ४५ अंशांत तिरकी कापायची आणि एकमेकींना भिडवून ९० अंशांचा कोपरा साधायचा, एवढीच त्याची व्याख्या. तसबिरीच्या चौकटीपासून देव्हाऱ्याच्या कमानीपर्यंत हा सांधा सर्वत्र दिसतो. त्याचे आकर्षण दोन गोष्टींत आहे. लाकडाचे खडबडीत शिर कोठेही दिसत नाही आणि पट्टीवर कोरलेली गोलाई किंवा नक्षी कोपऱ्यावर न तुटता वळून पुढे जाते. मात्र साध्या सांध्यात लपणारी चूक या सांध्यात लपत नाही. इंचभर रुंदीच्या तसबिरीत ती डोळ्यांआड होते. लांब आणि जाड लाकडात ती दुरूनही दिसते.

चूक मोठी का होते?

उदाहरणादाखल पडवीतून दिसणारी एक दर्शनी चौकट घेऊ. पट्टीची रुंदी १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. जाडी ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. दाराची मोकळी उंची २१०० आणि मोकळी रुंदी १०५० मिलिमीटर. खाली उंबरठा सरळ सांध्याने बसतो, कारण जमिनीलगतच्या तिरप्या सांध्यात पाणी साचते. वर मात्र दोन तिरपे कोपरे, म्हणजे एकूण चार काप. एवढ्या कामाला सुमारे सव्वादोन घनफूट लाकूड लागते आणि एक काप आत गेला तर पूर्ण लांबीची पट्टी बाद होते. म्हणूनच या चार कापांपुढे अनुभवी सुतारही थबकतो.

१५० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर ४५ अंशांची तिरकी रेषा सुमारे २१२ मिलिमीटर लांब होते. एका कापात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर या रेषेच्या एका टोकाशी जवळपास १.८ मिलिमीटरची फट पडते. समोरच्या पट्टीतही तशीच चूक त्याच दिशेने झाली, तर फट साडेतीन मिलिमीटरांवर जाते. सुतारांच्या भाषेत सांगायचे तर सूतभरापेक्षा जास्त. कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरांच्या आतबाहेर. ही फट शिकंजाने दाबून बंद केली, तर चूक नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे सरकते. उभी पट्टी अर्ध्या अंशाने कलली की २१०० मिलिमीटर खाली तिचा पाय सुमारे १८ मिलिमीटर बाजूला जातो. मग दार वरच्या बाजूला घासते, खालच्या बाजूला उघडे राहते आणि बिजागरीला दोष दिला जातो.

लांबी चुकीला दूरवर नेते, तर जाडी तिला आत लपवते. करवतीचे पाते उभे असावे तसे काटकोनात नसेल, तर दर्शनी बाजू जुळते आणि मागची उघडी राहते किंवा याच्या उलट घडते. एका अंशाचा कल असेल, तर ७५ मिलिमीटर जाडीत १.३ मिलिमीटरचा फरक पडतो. पातळ पट्टीत हा फरक सरसाच्या थरात जिरून गेला असता. जाड पट्टीत मात्र तो दोन्ही पृष्ठभागांना पूर्ण टेकू देत नाही आणि सांधा केवळ कडेवर उभा राहतो.

आधी लाकूड, मग रेघ

अचूक तिरपा काप करवतीपासून सुरू होत नाही, तो रंध्यापासून सुरू होतो. पट्टीला वाक किंवा पीळ असेल, तर गुण्या एका जागी काटकोन दाखवतो आणि हातभर पुढे दुसरेच काही सांगतो. पीळ तपासण्याची रीत सोपी आहे. अगदी सरळ अशा दोन सारख्या काठ्या पट्टीच्या दोन्ही टोकांवर आडव्या ठेवायच्या आणि एका टोकाकडून डोळा लावून पाहायचे. दोन्ही काठ्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या, तर पट्टी सपाट. एक कड तिरकी दिसली, तर तेथे पीळ आहे. आधी एक रुंद बाजू सपाट करायची, मग तिच्याशी काटकोनात एक कड सरळ करायची. या दोन बाजूंवर खूण करून ठेवायची आणि पुढची सर्व मापे त्यांच्यावरूनच घ्यायची. शेवटी सर्व पट्ट्यांची रुंदी आणि जाडी एकसारखी करायची.

गुण्याही तपासून घ्यावा लागतो. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ ओढायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही एकावर एक पडल्या, तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर दिसणारे अंतर गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असते. खाली पडलेला गुण्या ही परीक्षा क्वचितच उत्तीर्ण होतो.

रेघ ओढताना पेन्सिलीपेक्षा धारदार सुरी चांगली. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. सुरीची रेघ तंतू कापते आणि पुढे पटाशीला किंवा करवतीला बसायला खाच देते. रेघ चारही बाजूंनी फिरवावी लागते. वरच्या बाजूवर तिरकी, दोन्ही कडांवर काटकोनात उभी, मागच्या बाजूवर पुन्हा तिरकी. फेरी पूर्ण झाल्यावर शेवटची रेघ पहिलीच्या टोकाला अचूक मिळाली पाहिजे. मिळाली नाही, तर करवत हातात घेऊ नये. लाकूड काटकोनात नाही हे ती रेघच सांगत असते आणि ते अजून दुरुस्त करता येते.

अंशाची पट्टी नव्हे, लाकूडच माप

कोनमापकावरचा ४५ चा आकडा हा तिरप्या सांध्याचा सर्वांत कमकुवत दुवा आहे. लहान कोनमापकावर अर्धा अंश डोळ्याला जेमतेम दिसतो आणि तोच पुढे १८ मिलिमीटर होतो. त्यामुळे जाणते कारागीर अंश मोजण्याऐवजी लांबी मोजतात. पट्टीची रुंदी नेमकी १५० मिलिमीटर असेल, तर आतल्या कोपऱ्याच्या समोर बाहेरच्या कडेवर एक बिंदू घ्यायचा, तेथून कडेने १५० मिलिमीटर पुढे जायचे आणि तो बिंदू आतल्या कोपऱ्याशी जोडायचा. तीच ४५ अंशांची रेषा. मोजणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी कोनात ती अंशाच्या दहाव्या भागाएवढीच उतरते.

याहून विश्वासार्ह रीत म्हणजे लाकडावरून लाकूड आखणे. उभी आणि आडवी पट्टी गुण्याच्या साहाय्याने काटकोनात एकमेकींवर ठेवायची आणि त्यांच्या कडा जेथे आतल्या व बाहेरच्या बाजूला एकमेकींना छेदतात, ते दोन बिंदू दोन्ही पट्ट्यांवर उतरवायचे. ते बिंदू जोडणारी रेषा हीच कापाची खरी रेषा. दोन पट्ट्यांची रुंदी वेगळी असेल, तेव्हा तर दुसरा मार्ग नाही. एक १०० आणि दुसरी १२५ मिलिमीटरची असेल, तर दोन्ही काप ४५ अंशांचे घेतल्यास तिरक्या रेषांची लांबीच जुळत नाही. तेथे एक काप सुमारे ५१.३ अंशांचा आणि दुसरा ३८.७ अंशांचा लागतो. आडव्या ठेवलेल्या लाकडावरून हे कोन हिशेबाशिवाय आपोआप मिळतात. जुन्या घरात भिंतीचा कोपरा काटकोनात नसला, तरी हीच युक्ती चालते.

लांबीचे माप नेहमी आतल्या कडेवर धरावे. मोकळी रुंदी १०५० असेल, तर आडव्या पट्टीची आतली कड १०५० आणि बाहेरची कड १३५० मिलिमीटर होते. सांधा जुळवताना प्रत्येक वेळी थोडे लाकूड जाते, म्हणून आडव्या पट्टीचे दुसरे टोक अखेरीस कापावे. लांब पट्टी पुन्हा आखूड करता येते, आखूड पट्टी लांब करता येत नाही.

करवत लाकडाकडे न्यावी

सात-आठ फुटांची जाड पट्टी यंत्राच्या टेबलावर सरकवून तिरकी कापणे हे चुकीचे निमंत्रण असते. बाहेर लोंबणारे वजन पट्टीला पात्यापासून क्षणभर फिरवते आणि तेवढ्यात अर्धा अंश जातो. ते धोक्याचेही आहे. अडकलेले पाते लाकूड मागे फेकते. म्हणून लांब लाकडाच्या बाबतीत साधा नियम आहे : लाकूड स्थिर ठेवावे आणि करवत हलवावी. पट्टी एकाच पातळीत ठेवलेल्या दोन-तीन घोड्यांवर आडवी ठेवून घट्ट बांधायची, कापला जाणारा तुकडाही खालून आधार देऊन ठेवायचा आणि रेघेच्या बाजूने एक जाड, सरळ पट्टी मार्गदर्शक म्हणून शिकंजाने बसवायची.

येथे जाडी आडवी येते. हातात धरून चालवायच्या सव्वासात इंची चक्री करवतीचे पाते साधारण अडीच इंच खोल उतरते. तीन इंचांची पट्टी तिने एका फेरीत तुटत नाही. मग अर्धा काप वरून आणि उरलेला पट्टी उलटून खालून घ्यावा लागतो. चारही बाजूंनी फिरवलेल्या रेघेचे मोल या वेळी कळते. पाते किंचित कललेले असेल, तर दोन कापांच्या मीलनस्थानी पायरी किंवा उंचवटा राहतो. त्यामुळे दोन्ही काप रेघेबाहेर मिलिमीटरभर लाकूड राखून घ्यायचे आणि उरलेले रंध्याने उतरवायचे.

हातकरवत संथ असली, तरी अशा कामात ती मागे पडत नाही. तिला खोलीची मर्यादा नाही. आडव्या कापाच्या बारीक दात्यांची, नुकतीच धार लावलेली करवत घ्यायची आणि कोपऱ्यावरून सुरुवात करायची, म्हणजे वरची तिरकी रेघ आणि समोरची उभी रेघ अशा दोन रेघा एकाच वेळी नजरेखाली राहतात. थोडे खोल गेल्यावर पट्टी उलटून दुसऱ्या बाजूने तसेच करायचे. शेवटी मधला उरलेला भाग दोन्ही खाचांच्या आधाराने कापायचा. करवत भरकटू लागली, तर ती वाकवून ओढू नये. मागे घेऊन खाचेत पुन्हा बसवावी.

कापानंतर तिरका पृष्ठभाग रंध्याने तंतूंच्या कलाने साफ करायचा आणि टोकाशी लाकडाचा चिपटा उडू नये म्हणून तेथे टाकाऊ तुकडा घट्ट बांधायचा. काही सुतार दर्शनी कड पटकन मिळावी म्हणून सांध्याचे पोट किंचित कोरतात. ते केसभर असावे. अधिक कोरले, तर सरसाला धरायला जागाच उरत नाही.

एवढे करूनही फट दिसली, तर एक जुनी युक्ती हाताशी असते. दोन्ही पट्ट्या काटकोनात भिडवून पक्क्या बांधायच्या आणि सांध्याच्या रेषेतूनच करवत फिरवायची. पाते दोन्ही बाजूंचे उंचवटे एकाच वेळी कापते, फटीची रुंदी सर्वत्र सारखी होते आणि पट्ट्या पुढे सरकवल्या की सांधा मिटतो. पाते किंचित कलले, तरी दोन्ही पृष्ठभाग परस्परपूरक राहतात. लांबी मात्र पात्याच्या जाडीएवढी कमी होते आणि म्हणूनच आडव्या पट्टीचे दुसरे टोक राखून ठेवलेले असते.

सरसावर विसंबू नये

जुळलेला सांधा टिकतोच असे नाही. तिरप्या कापात लाकडाचे तंतू अर्धवट उघडे पडतात. ते नळ्यांसारखा सरस शोषून घेतात आणि जोड कोरडा राहतो. त्यामुळे आधी सरसाचा पातळ हात देऊन तो मुरू द्यायचा आणि मग दुसरा हात देऊन पट्ट्या भिडवायच्या. पण जाड चौकटीत तेवढे पुरत नाही. दोन्ही तोंडांत समोरासमोर खाच पाडून त्यात कठीण लाकडाची किंवा प्लायवूडची पट्टी जिभेसारखी बसवावी लागते. त्या पट्टीचे तंतू सांध्याला आडवे जाणारे हवेत. सांध्याच्या रेषेत असतील, तर ती पापडासारखी मोडते.

दारासारख्या रोज हादरे खाणाऱ्या कामासाठी जुनी रीत यापेक्षाही शहाणी आहे. तिच्यात भार पेलायला आत कुसू आणि खाचेचा सरळ सांधा असतो आणि तिरपा काप केवळ दर्शनी गोलाईपुरता घेतला जातो. वरून कोपरा तिरपा दिसतो, आतून तो कुसवावर उभा असतो.

शिकंजाने दाबताना तिरके पृष्ठभाग एकमेकांवरून घसरतात. कापातून उरलेले त्रिकोणी तुकडे बाहेरच्या कडेला तात्पुरते चिकटवले, तर शिकंजाला सरळ पकड मिळते. सरस ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू समान असतील आणि कर्णही समान असतील, तर चौकट काटकोनात आहे. त्यासाठी खालच्या टोकांशी एक तात्पुरती आडवी पट्टी ठोकलेली असावी.

पावसाचा हिशेब

आता राहिला पाऊस. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे पाणी घेते आणि सोडते, पण सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्यांच्याशी काटकोनात, खोडाच्या केंद्राकडे, सुमारे २.५ टक्के आक्रसतो. लांबीच्या दिशेने त्याचा बदल जवळजवळ नगण्य असतो. तिरप्या सांध्याची सारी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. पट्टी रुंदीला फुगते, लांबीला नाही. त्यामुळे ४५ अंशांत केलेला काप ४५ अंशांचा राहत नाही.

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा स्थिरावतो, ८५ टक्के असताना सुमारे १८ टक्के. या सहा टक्क्यांनी आडव्या वलयांची सागाची पट्टी साधारण १.२ टक्के रुंद होते. १५० मिलिमीटर रुंदीत ही वाढ पावणेदोन मिलिमीटरांची आणि तिरप्या सांध्याच्या बाहेरच्या टोकाशी फट सुमारे अडीच मिलिमीटरांची, म्हणजे पाऊण सूत. कारागिराने काहीही चूक केली नसली, तरी ही फट पडू पाहते. पॉलिश ओलाव्याचा वेग कमी करते, त्याला थांबवत नाही. गोव्यासारख्या, जूनपासून चार महिने हवा दमट राहणाऱ्या प्रदेशात हा हिशेब टाळता येत नाही.

तो सौम्य मात्र करता येतो. एक, वलये उभी दिसतील अशा चिरलेल्या पट्ट्या निवडाव्यात. त्यांचा फुगवटा आडव्या वलयांच्या पट्टीच्या निम्म्याहून कमी असतो. दोन, लाकूड बाजारातून आणल्यावर लगेच कापू नये, ज्या घरात ते बसायचे तेथे ते काही आठवडे हवेशीर रचून ठेवावे. तीन, सहा इंच रुंदीची एक पट्टी तिरपी कापण्याऐवजी सरळ सांध्याच्या चौकटीवर अरुंद गोलाईची पट्टी तिरपी बसवावी. रुंदी निम्मी झाली की फटही निम्मी होते. चार, पॉलिश सर्व बाजूंना लावावे. भिंतीकडची बाजू कोरी राहिली, तर ओलावा तेथूनच शिरतो. ऐनासारख्या लाकडात सागापेक्षा हालचाल अधिक असल्याने तेथे ही पथ्ये अधिक कडक पाळावी लागतात.

फट वाचताना

हे सारे ध्यानात घेतले की सुरुवातीच्या वादाचा निकाल बराचसा लागतो. पावसात बाहेरच्या टोकाशी उघडणारी आणि हिवाळ्यात पुन्हा मिटणारी फट ओलाव्याची असते. तिच्यात लांबी भरून बुजवू नये, कारण पुढच्या कोरड्या दिवसांत तीच भर सांधा ताणते. उन्हाळ्यात आतल्या कोपऱ्याशी उघडलेली फट सांगते की लाकूड ओले असतानाच कापले गेले. बाराही महिने सारखी राहणारी फट कोनाच्या चुकीची असते. समोरून बंद आणि मागून उघडी असेल, तर पाते कललेले होते. आणि सर्वत्र सारखी, हळूहळू वाढत जाणारी फट असेल, तर सांध्याच्या आत जीभही नाही आणि कुसूही नाही, तो केवळ सरसाच्या भरवशावर उभा आहे.

यातील पहिली फट निसर्गाची असते आणि ती कमी करणे निवडीच्या वेळीच शक्य असते. उरलेल्या चारही फटी करवत चालण्याआधीच्या किंवा चालतानाच्या घाईतून येतात. जाड सागाच्या चौकटीचे काम ठरवताना किती दिवसांत होईल, हा प्रश्न बहुतेक घरांत पहिला विचारला जातो. लाकूड घरात किती दिवस ठेवणार आणि कोपऱ्याच्या आत काय बसवणार, हे दोन प्रश्न त्याच्या आधी विचारले, तर पुढच्या चतुर्थीला ती काळी रेघ बहुधा दिसणार नाही.